राजवचनाचें प्रामाण्य : पोखरणच्या आंकड्यांची एक चिकित्सा

(१)

इतिहाससंशोधकांस राजवचन कांहीं नवें नाहीं. ताम्रपटांतील प्रशस्ति, शिलालेखांतील बिरुदावळी, फतहनामे, बखरींतील सैन्याचे आंकडे, हें सर्व राजवचनच होय. त्यांतील किती भाग स्वीकारावा, किती बाजूस ठेवावा आणि किती तूर्त अनिर्णीत म्हणून बांधून ठेवावा, हें शिकण्यांतच आपल्या शास्त्राचा मोठा काळ गेला आहे. परंतु राजवचन जुनें असेल तरच त्याची चिकित्सा करावयाची, आणि तें आपल्या हयातींतलें असेल तर एकतर डोळे मिटून मान्य करावयाचें किंवा उपहासानें टाकून द्यावयाचें, अशी रीत अलीकडे पडूं पाहत आहे. शस्त्रास्त्रें व अंतराळयानें यांविषयींच्या शासकीय दाव्यांच्या बाबतींत ती विशेष दिसते. दावा मान्य करणारा तो देशाभिमान समजतो. अमान्य करणारा तें आपलें चातुर्य समजतो. कागद मात्र दोघेही तपाशीत नाहींत. जुन्या कागदांस लावण्याची कसोटी नव्या दाव्यांस लावली तर काय हातीं येतें, हें एका प्रसिद्ध उदाहरणावरून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आरंभीं आपल्या प्रांताजवळचें एक जुनें उदाहरण घेतों. विजापूरच्या शेरझा बुरुजावरील 'मलिक-ए-मैदान' तोफ सोलापूरकरांच्या चांगल्या परिचयाची आहे. ती हिजरी ९५६ त, म्हणजे इ. स. १५४९ त, निजामशाहीसाठीं अहमदनगर येथें ओतली गेली. ओतणाराचें नांव तिच्यावर कोरलेलें आहे. पुढें ती परांड्याच्या किल्ल्यावर होती व तेथून इ. स. १६३२ च्या सुमारास विजापुरास गेली. इ. स. १६८६ त विजापूर पडल्यावर औरंगजेबानें आपल्या विजयाचा लेख त्याच धातूवर कोरविला. या तोफेविषयीं तीन प्रकारचीं विधानें आपल्यापुढें येतात. ओतणाराचें नांव व साल हें पहिलें, जेत्याचा विजयलेख हें दुसरें, आणि तिच्या आवाजाविषयीं व पल्ल्याविषयीं लोकांत चालत आलेल्या गोष्टी हें तिसरें. पहिलें विधान ज्यानें केलें त्यास खोटें बोलण्याचें कारण नव्हतें. दुसऱ्यास इतर साधनांचा स्वतंत्र आधार आहे. तिसऱ्यास आधार नाहीं. तोफेचें वजन सुमारें ५५ टन व तोंडाचा व्यास सुमारें ७० सेंटीमीटर आहे, हें कोणाच्या शब्दावर मानावें लागत नाहीं. तें मोजून पाहतां येतें. एकाच वस्तूला चिकटलेलीं विधानें एकाच तोलाचीं नसतात, हा धडा या तोफेपासून घ्यावा.

दुसरें उदाहरण ऐहोळेच्या शिलालेखाचें. शके ५५६ मधील या प्रशस्तींत रविकीर्ति आपल्या स्वामीची, दुसऱ्या पुलकेशीची, स्तुति करितो आणि हर्षाचा पराभव झाल्याचें श्लेषानें सांगतो. नुसत्या स्तुतिपाठकाच्या शब्दावर एवढी मोठी गोष्ट कोणी मानली नसती. परंतु हर्षाचा स्नेही असलेल्या ह्युएनत्संगानेंही महाराष्ट्राचा हा राजा हर्षास वश झाला नाहीं असें नमूद केलें आहे. ज्याचा कल प्रतिपक्षाकडे त्याचीच साक्ष अनुकूल पडल्यामुळें प्रशस्तींतील विधान इतिहासांत बसलें. काव्य तेंच राहिलें. त्याचें मोल मात्र दुसऱ्या साक्षीनें ठरलें.

(२)

न्यायशास्त्रानें प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें मानलीं आहेत. त्यांपैकीं शब्द म्हणजे आप्ताचें वचन. आप्त कोणास म्हणावें याचें विवेचन करितांना वात्स्यायनानें ज्या गोष्टी अपेक्षिल्या आहेत त्यांपैकीं दोन येथें विशेष उपयोगी आहेत. सांगणारानें ती वस्तु साक्षात् जाणलेली असावी. आणि जशी जाणली तशीच ती सांगण्याची त्याची इच्छा असावी. यांतील एक अंग लंगडें पडलें तरी वचन ऐकण्याजोगें राहतें, पण प्रमाण म्हणून उभें राहत नाहीं.

शस्त्रविद्येच्या बाबतींत अडचण नेमकी येथेंच आहे. ज्यांनीं वस्तु जाणली ते गुप्ततेच्या शपथेनें बांधलेले असतात, आणि ज्यांस मोकळेपणें बोलतां येतें त्यांनीं ती वस्तु पाहिलेली नसते. आपल्या देशांत या गुप्ततेस कायद्याचा आधार आहे. १९६२ च्या अणुऊर्जा अधिनियमानें अणुविषयक माहिती प्रसिद्ध करण्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारास दिला होता. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानेंही संरक्षण संशोधन व विकास संघटना दुसऱ्या परिशिष्टांत घालून, भ्रष्टाचार व मानवी हक्कांचा भंग यांचे आरोप वगळतां, तीस माहिती देण्याच्या बंधनांतून मोकळें ठेविलें आहे. ही गुप्तता सर्वस्वीं अयोग्य आहे असें आमचें म्हणणें नाहीं. अस्त्राची कृति बाजारांत मांडावी असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं. तशीच, एखादी गोष्ट गुप्त ठेविली एवढ्यावरून ती खोटी ठरत नाहीं. गुप्ततेचा परिणाम एवढाच कीं, शब्दप्रमाण दुबळें होतें आणि जिज्ञासूस अनुमानाकडे वळावें लागतें. लोकांच्या मनांत शंका येते ती येथें. तिला उद्धटपणा समजण्याचें कारण नाहीं.

(३)

आतां मुख्य उदाहरणाकडे वळूं. पोखरण राजस्थानांत जैसलमेर जिल्ह्यांत आहे. पण या प्रकरणाचें घर मुंबई होय. अणुऊर्जा विभागाचें मुख्य कार्यालय मुंबईस, आणि ज्या संस्थेंत हीं साधनें घडलीं ती भाभा अणुसंशोधन संस्था तुर्भ्यास. या वादांत दोन्ही बाजूंनीं बोललेलीं अनेक माणसें या एकाच संस्थेंत आयुष्य घालविलेलीं होतीं. म्हणून हा वाद महाराष्ट्राच्या इतिहासाच्या साधनांत मोडतो असें आम्ही मानतों.

पहिला स्फोट १८ मे १९७४ रोजीं झाला. त्या वेळीं होमी सेठना अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते व राजा रामण्णा तुर्भ्याच्या संस्थेचे संचालक होते. शासनानें दोन विधानें केलीं: हा शांततामय प्रयोग आहे, आणि त्याची शक्ति सुमारें १२ किलोटन आहे. एक किलोटन म्हणजे एक हजार टन टीएनटी या स्फोटक द्रव्याइतकी शक्ति. या दोन विधानांचें पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. आंकड्याविषयीं बाहेरच्या भूकंपशास्त्रज्ञांनीं प्रथमपासून संशय घेतला व शक्ति त्याहून कमी असावी असें मत दिलें. 'शांततामय' हें विशेषण मात्र घरच्याच साक्षीनें गळून पडलें. १९९७ सालीं स्वतः रामण्णा यांनीं तो बॉम्बच होता असें जाहीरपणें सांगितलें. म्हणजे तेवीस वर्षांनीं कर्त्यानेंच मूळ विधानाचा अर्थ बदलला. पुढील दाव्यांविषयीं लोक साशंक झाले, तर त्याचें एक बीज येथें आहे.

दुसरा प्रसंग ११ मे १९९८ चा. त्या दिवशीं दुपारीं ३ वाजून ४५ मिनिटांनीं तीन स्फोट एकदम करण्यांत आले आणि सायंकाळीं पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनीं ती वार्ता जाहीर केली. तिघांपैकीं एक साधन विखंडनाचें, एक अल्पशक्तीचें व एक उष्णाण्विक, म्हणजे ज्यास लोक हायड्रोजन बॉम्ब म्हणतात तें होतें. १३ मे रोजीं आणखी दोन लहान स्फोट झाले. आर. चिदंबरम् अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष, ए. पी. जे. अब्दुल कलाम संरक्षण संशोधनाचे प्रमुख व अनिल काकोडकर तुर्भ्याच्या संस्थेचे संचालक होते. दोन्ही खात्यांनीं १७ मे रोजीं जें संयुक्त निवेदन काढलें त्यांत उष्णाण्विक साधनाची शक्ति सुमारें ४३ किलोटन व विखंडन साधनाची सुमारें १२ किलोटन सांगितली. पुढें अणुऊर्जा विभागाच्या लेखनांत हेच आंकडे ४५ व १५ असे आढळतात.

पोथ्यांचे पाठ जुळविणाऱ्या वाचकांस येथें लगेच ओळख पटेल. हा पाठभेद आहे. पहिल्या पाठाची बेरीज ५५ होते, दुसऱ्याची ६०. एवढ्यावरून लबाडीची ओरड करणें अप्रशस्त होय. पहिल्या आठवड्यांतील मोजणी कच्ची असते व पुढें ती सुधारली जाते, हें कोणत्याही प्रयोगशाळेंत घडतें. परंतु कोणता आंकडा कोणत्या तारखेचा हें सोडून देऊन नुसता शेवटचा आंकडा उतरून घेणें हें लेखकूचें काम झालें, संशोधकाचें झालें नाहीं. आज पुष्कळ पुस्तकांत दोन्ही पाठ तारखेवांचून मिसळलेले दिसतात.

(४)

शंका प्रथम उपस्थित झाली ती भूकंपलेखांवरून. जमिनींत मोठा स्फोट झाला म्हणजे त्याच्या लहरी पृथ्वीच्या पोटांतून सर्व जगांतील केंद्रांवर पोंचतात व तेथें उमटतात. ११ मे च्या स्फोटांची महत्ता पुष्कळ केंद्रांच्या सरासरीनें ५.२ च्या आसपास निघाली. अमेरिकेंतील ॲरिझोना विद्यापीठाचे टेरी वॉलेस व इतर शास्त्रज्ञ यांनीं त्याच वर्षीं निबंध प्रसिद्ध करून ११ मे ची एकंदर शक्ति सुमारें ९ ते १६ किलोटन असावी असें अनुमान मांडलें. शासनाचा आंकडा त्याच्या चौपट-पांचपट होता.

हें अनुमान कितपत पक्कें आहे? येथें न्यायशास्त्रांतील 'उपाधि'ची कल्पना फार उपयोगी पडते. धूर दिसल्यास अग्नि आहे हें अनुमान निर्दोष आहे. अग्नि आहे म्हणून धूर आहे हें मात्र सदोष होय, कारण धूर निघण्यास ओलें सर्पण लागतें. तें ओलें सर्पण हा उपाधि. भूकंपाची महत्ता व स्फोटाची शक्ति यांच्या व्याप्तींतही असाच उपाधि आहे, आणि तो म्हणजे खडक. कठीण ग्रॅनाइटांतील स्फोट व सैल मातींतील स्फोट सारख्याच शक्तीचे असले तरी त्यांची महत्ता सारखी येत नाहीं. शिवाय हें नातें लॉगरिदमचें आहे. शक्ति दहापट वाढली म्हणजे महत्ता सुमारें पाऊण अंकानेंच वाढते. म्हणून महत्तेंत ०.२ इतका लहान फरक पडला तरी शक्तीचा अंदाज जवळजवळ दुप्पट होतो, आणि अर्ध्या अंकाचा फरक पडला तर जवळजवळ पांचपट.

हा उपाधि ध्यानांत न घेतल्यानें दोन महासत्तांतही वाद माजला होता. १९७४ च्या कराराप्रमाणें अमेरिका व सोव्हिएत रशिया यांनीं १५० किलोटनांहून मोठे भूमिगत स्फोट करावयाचे नव्हते. रशिया ही मर्यादा ओलांडीत असल्याचा संशय अमेरिकन सरकारनें पुढें प्रकट केला. परंतु तेथीलच अनेक भूकंपशास्त्रज्ञांनीं तो मान्य केला नाहीं. नेवाडाच्या भूमीवरून बांधलेलें गणित कझाकस्तानांतील सेमिपालातिन्स्कच्या भूमीस तसेंच लावतां येत नाहीं, असा त्यांचा आक्षेप होता. अखेर १९८८ सालीं दोन्ही राष्ट्रांनीं परस्परांच्या शास्त्रज्ञांस आपापल्या क्षेत्रावर बोलावून एक-एक स्फोट संयुक्तपणें मोजला. साक्षीदारांना एकत्र बसविल्यानें जें समजलें तें वर्षानुवर्षांच्या आरोप-प्रत्यारोपांनीं समजलें नव्हतें.

तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांनीं दिलेलें उत्तर याच दिशेचें आहे. एस. के. सिक्का, फाल्गुनी रॉय व जी. जे. नायर यांनीं 'करंट सायन्स'सारख्या नियतकालिकांतून असें मांडलें कीं, दोन मोठे स्फोट सुमारें एक किलोमीटर अंतरावर एकदम झाल्यामुळें त्यांच्या लहरी कांहीं दिशांना परस्परांस मारक ठरल्या. सर्व दिशांच्या केंद्रांचा नीट मेळ घातला तर महत्ता ५.४ च्या जवळ जाते. आणि पोखरणच्या भूमीस लागू पडणारें गणित वापरलें तर शक्ति ६० किलोटनांच्या आसपास येते. १३ मे चे स्फोट बाहेरच्या केंद्रांवर उमटलेच नाहींत. ११ मे ची लहर जेथें स्पष्ट उमटली होती त्या पाकिस्तानांतील निलोरच्या केंद्रावरही त्यांची खूण दिसली नाहीं. हे स्फोट वाळूच्या टेकडींत केले होते, त्यामुळें लहर फार क्षीण झाली, असा त्यावर खुलासा करण्यांत आला.

याहून महत्त्वाचा पुरावा खडकाचा. स्फोटाच्या जागीं खोल खोदून काढलेल्या नमुन्यांचें किरणोत्सर्गी पृथक्करण तुर्भ्यास झालें व त्याचा निबंध १९९९ सालीं संस्थेच्या वार्तापत्रांत आला. काकोडकर त्याच्या लेखकांपैकीं एक होते. सोडियम-२२ व मँगनीज-५४ यांचे अंश सांपडल्यावरून संमीलनांतून निघणारे अतिवेगवान न्यूट्रॉन तेथें होते असें त्यांनीं दाखविलें आणि उष्णाण्विक साधनाची शक्ति ५० किलोटन, दहा इकडे-तिकडे, अशी काढली. ही साक्ष प्रत्यक्षाच्या सर्वांत जवळची आहे. तिच्यावरील आक्षेपही लक्षांत ठेवण्याजोगा आहे. पृथक्करणावरून शक्ति काढण्यास साधनांत कोणतें द्रव्य किती होतें हें ठाऊक असावें लागतें, आणि तें गुप्ततेच्या कारणास्तव प्रसिद्ध झालेलें नाहीं. म्हणजे निष्कर्ष आपल्यापुढें आहे, पण मूळ तक्ता नाहीं. मूळ पोथी न दाखवितां प्रसिद्ध केलेल्या नकलेस आपण जें मोल देतों तेंच यास द्यावें लागतें. तिला खोटी म्हणतां येत नाहीं आणि तिच्यावर अंतिम निर्णयही बांधतां येत नाहीं.

(५)

बाहेरच्यांची शंका एक वेळ परकीयांचा मत्सर म्हणून बाजूस सारतां येते. घरच्याची शंका तशी सारतां येत नाहीं. तुर्भ्याच्या संस्थेचे माजी संचालक व १९७४ च्या प्रयोगांतील एक प्रमुख शास्त्रज्ञ पी. के. अय्यंगार यांनीं २००० सालीं उष्णाण्विक साधनाचा दुसरा टप्पा पुरता जळला नसावा असें मत जाहीरपणें मांडलें. त्यानंतर ऑगस्ट २००९ मध्यें के. संथानम् यांनीं, म्हणजे १९९८ च्या प्रयोगांत संरक्षण संशोधनाच्या बाजूनें पोखरण येथें समन्वयाचें काम पाहणाऱ्या गृहस्थानें, उष्णाण्विक साधनाची शक्ति सांगितली गेली त्याहून पुष्कळ कमी होती असें उघड सांगितलें. पुढील महिन्यांत अशोक पार्थसारथी यांच्यासह लिहिलेल्या लेखांत त्यांनीं जमिनीवरील खुणांचा दाखला दिला. विखंडन साधनाच्या जागीं मोठा खड्डा पडला, पण त्याहून किती तरी बलवान् म्हणविल्या गेलेल्या साधनाच्या विहिरीवरील उभारणी शाबूत राहिली, हें कसें, असा त्यांचा प्रश्न होता.

अणुऊर्जा-पक्षानें २४ सप्टेंबर २००९ रोजीं चिदंबरम् व काकोडकर यांच्या मुखानें उत्तर दिलें. दोन साधनें वेगवेगळ्या प्रकारच्या खडकांत होतीं. उष्णाण्विक साधन अधिक खोल व कठीण खडकांत होतें. त्यामुळें वरच्या खुणांची तुलना करणें बरोबर नाहीं. मोजणीच्या सर्व पद्धतींचे निष्कर्ष परस्परांशीं जुळतात. आणि संथानम् यांच्या बाजूचीं उपकरणें त्या दिवशीं नीट चाललीं नव्हतीं, असा त्याचा आशय होता. कलाम यांनींही अपेक्षेप्रमाणें शक्ति मिळाल्याचें सांगितलें.

साक्षीदारांचें तोलन आपल्या पद्धतीनें करून पाहूं. संथानम् यांस अर्धें प्रत्यक्ष होतें. ते स्थळीं हजर होते, पण साधनाची रचना ज्यांनीं केली त्यांतले ते नव्हते. अकरा वर्षांनंतर बोलल्यामुळें 'इतके दिवस कां थांबला' हा प्रश्न त्यांस विचारला गेला, व तो गैर नव्हता. त्यांचा हेतुही त्यांच्याच लेखनांत स्पष्ट आहे. भारतानें अणुचांचणीबंदीच्या करारानें आपले हात बांधून घेऊं नयेत असें त्यांचें मत होतें, आणि चांचणी अपुरी ठरल्यास त्या मतास बळ येत होतें. उलट बाजूस चिदंबरम् व काकोडकर यांस पूर्ण प्रत्यक्ष होतें. परंतु निकाल ज्या कृतीचा लावावयाचा ती कृति त्यांचीच होती, आणि सर्व कागद दाखविण्यास ते मोकळे नव्हते. वॉलेस प्रभृति परदेशी शास्त्रज्ञ मोकळे होते, पण त्यांस खडक ठाऊक नव्हता. या सर्वांत पूर्ण आप्त एकही नाहीं. म्हणून कोणा एकाच्या थोरवीवरून निर्णय करणें अशास्त्रीय होय.

मग काय म्हणावें? दावा अखंड न घेतां त्याचे तुकडे करावे. ११ मे १९९८ रोजीं पोखरण येथें अणुस्फोट झाला, हें शासन, परदेशी केंद्रें व घरचे आक्षेपक या सर्वांस मान्य आहे, हें सिद्ध. शासनानें सांगितलेली एकंदर शक्ति घरच्या मोजणींत बसते, बाहेरच्या बहुतेक मोजणींत बसत नाहीं, हें विवाद्य. उष्णाण्विक साधनाचा दुसरा टप्पा योजल्याइतका जळला कीं नाहीं, हें उपलब्ध कागदांवरून अनिर्णीत. जो वाचक या तीन विधानांना तीन वेगळीं खणें देईल त्यास देशाभिमान सोडावा लागणार नाहीं आणि भोळेपणाही पत्करावा लागणार नाहीं. प्रश्न केवळ पांडित्याचा नाहीं. ज्या अस्त्राच्या भरंवशावर राष्ट्राचें संरक्षण सांगितलें जातें तें अस्त्र किती विश्वसनीय आहे, आणि १९९८ नंतर भारतानें स्वतःहून पाळलेली चांचणीबंदी पुढें चालवावी कीं नाहीं, हे दोन्ही निर्णय या तिसऱ्या खणाशीं बांधलेले आहेत.

(६)

भूमीच्या पोटांत झांकलेल्या वस्तूंविषयीं असा घोळ राहतो. आकाश उघडें असल्यामुळें तेथील दाव्यांचा निकाल लवकर लागतो. २०१९ सालचीं दोन उदाहरणें त्याची साक्ष देतात.

२७ मार्च २०१९ रोजीं भारतानें क्षेपणास्त्रानें आपलाच एक उपग्रह सुमारें ३०० किलोमीटर उंचीवर फोडला. मुख्य दावा खरा होता. अमेरिकेच्या वेधशाळांनीं तुकडे मोजल्यामुळें त्याविषयीं शंकेस जागा उरली नाहीं. परंतु परराष्ट्र खात्याच्या निवेदनांत तुकडे कांहीं आठवड्यांत खालीं पडून नाहींसे होतील असेंही म्हटलें होतें. बहुतेक तुकडे लवकर पडले खरे, पण कांहीं अधिक उंच कक्षेंत उडाले व त्यांतले कांहीं वर्षाहून अधिक काळ फिरत राहिले. एकाच निवेदनांतील एक वाक्य सिद्ध झालें व दुसरें अंशतः चुकलें. मलिक-ए-मैदानवरील लेखांविषयीं जें म्हटलें तेंच येथें लागू पडतें.

त्याच वर्षीं ७ सप्टेंबर रोजीं चांद्रयान-२ चा 'विक्रम' चंद्रावर उतरतांना संपर्काबाहेर गेला. मोहिमेचें ९८ टक्के यश झाल्याचें विधान त्याच महिन्यांत इस्रोच्या अध्यक्षांनीं केलें. नोव्हेंबरांत लोकसभेंतील लेखी उत्तरांत यान नियोजित जागेपासून ५०० मीटरांच्या आंत आदळल्याचें सांगण्यांत आलें. त्याचे अवशेष कोठें आहेत हें मात्र चेन्नईचे एक तरुण अभियंते शण्मुग सुब्रमण्यन् यांनीं शोधलें. नासाच्या यानानें घेतलेलीं त्या जागेचीं जुनीं व नवीं छायाचित्रें शेजारीं ठेवून, जुन्यांत नसलेला व नव्यांत दिसणारा एक ठिपका त्यांनीं हेरला, आणि डिसेंबरच्या आरंभीं नासानें त्यांचें नांव देऊन तो शोध मान्य केला. दोन प्रती शेजारीं ठेवून अधिक-उणें अक्षर टिपण्याचें जें काम आपण पोथ्यांवर करितों तेंच हें. त्यास सरकारी परवाना लागला नाहीं. सर्वांस उघडे असलेले कागद व चिकाटी लागली.

याचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. २०२३ सालीं इस्रोचे तेव्हांचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनीं 'विक्रम' कां पडला याचीं कारणें उघड सांगितलीं: इंजिनांनीं अपेक्षेहून अधिक जोर दिला, चुका सांठत गेल्या, आणि उतरण्यास ठरविलेली जागा फार लहान होती. त्यानंतर २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चांद्रयान-३ उतरलें तेव्हां दाव्यावर लोकांचा सहज विश्वास बसला. परकीय यानाच्या छायाचित्रांनींही त्यास पुष्टि दिली. अपयशाचीं कारणें जो सांगतो त्याच्या यशाचें वचन अधिक जड होतें, हें यावरून स्पष्ट दिसतें. आप्तत्व पदानें येत नाहीं. तें आचरणानें मिळवावें लागतें.

(७)

शासनाच्या दाव्यावर प्रश्न करणें म्हणजे राष्ट्राचें तेज कमी करणें, असें कोणास वाटत असेल तर त्यांनीं राजवाडे यांचें स्मरण करावें. १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढतांना त्यांनीं बखरींची कठोर तपासणी केली व अस्सल पत्रांस अग्रस्थान दिलें. त्यामुळें मराठ्यांचा इतिहास लहान झाला नाहीं; तो अधिक भक्कम पायावर उभा राहिला. जी कसोटी पानिपताच्या बखरीस लावण्यांत अपमान नाहीं, ती पोखरणच्या निवेदनास लावण्यांतही नाहीं. तीच कसोटी शंका घेणारासही लावली पाहिजे. 'सरकार सांगतें म्हणून खोटें' हें 'सरकार सांगतें म्हणून खरें' याइतकेंच आळशी वाक्य आहे.

आतां संग्राहकांस एक विनंति. या प्रकरणांतील साक्षीदार एकामागून एक जात आहेत. सेठना २०१० त, अय्यंगार २०११ त, कलाम २०१५ त व चिदंबरम् २०२५ च्या जानेवारींत वारले. गुप्त कागद केव्हां उघडतील हें आपल्या हातीं नाहीं. प्रसिद्ध झालेले कागद जपणें मात्र आहे. १९७४ व १९९८ च्या मे महिन्यांतील वृत्तपत्रें, दोन्ही खात्यांचीं निवेदनें, तुर्भ्याच्या संस्थेचीं वार्तापत्रें, 'करंट सायन्स'चे अंक, २००९ च्या वादांतील लेख, संसदेंतील प्रश्नोत्तरें, हें साहित्य रद्दींत जाण्याच्या मार्गावर आहे. सोलापुरांत 'संचार'सारख्या दैनिकाच्या फायली आणि हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या संस्थांचे संग्रह या दृष्टीनें पाहिले पाहिजेत. प्रत्येक गांवीं अशा जागा आहेत.

असे कागद सांठवितांना तीन गोष्टी पाळाव्या. अंकाची तारीख व आवृत्ति कात्रणावरच लिहावी. तारखेवांचून कात्रण म्हणजे शकावांचून सनद. पहिला आंकडा व सुधारलेला आंकडा, दोन्ही ठेवावे. नवा आला म्हणून जुना फेंकूं नये, कारण पाठभेद हाच पुढच्या संशोधकाचा धागा असतो. आणि दाव्याबरोबर त्यावरील आक्षेप व आक्षेपाचें उत्तर हीं एकाच बांधणींत राहूं द्यावीं. आपणांस आज जो प्रश्न सुटत नाहीं तो पन्नास वर्षांनीं कोणी सोडवील. त्याच्या हातीं ४३ व ४५ हे दोन्ही आंकडे तारखांसह पोंचतील, एवढी तजवीज आपण आजच केली पाहिजे.

जुळे सोलापूर